शॉवर, चिंच आणि अण्णांचा हातोडा

तर झालं असं, की आमच्या न्हाणीघरातल्या शॉवरने हळूहळू असहकार पुकारला. आधी कडेची भोकं बंद पडली, मग मधली. उरलेल्या चार-पाच भोकांपैकी एक धार सरळ समोरच्या भिंतीवर, एक छताकडे आणि एक नेमकी दाराबाहेर टांगलेल्या टॉवेलवर. मी रोज सकाळी शॉवरखाली उभी राहायची आणि शेवटी बादली-तांब्याने आंघोळ करून बाहेर यायची. तसं माझं काही बिघडत नव्हतं, आयुष्याची पहिली पन्नास वर्षं तांब्यानेच आंघोळ केली आहे. पण गुडघ्यांमुळे आता वाकवत नाही, म्हणून लेकीने हौसेने शॉवर बसवून दिला होता. तो असा बसला की मनाला लागतं.

प्लंबर आला, त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "आजी, नवीनच टाका. बोअरचं पाणी आहे, हे असंच होणार." स्वस्तात काही होईल का विचारलं तर म्हणाला, "ॲसिड मारून बघतो, पण पॉलिश गेलं तर मला बोलायचं नाही." मी त्याला चहा देऊन परत पाठवला.

पुण्याच्या कडेला नव्या वस्तीत राहणाऱ्यांना हे पाणी ठाऊक असेल. धरणाचं पाणी म्हणजे पावसाचं पाणी, मऊ. त्यात साबणाला भरपूर फेस येतो. आमच्याकडे नळाला ते दिवसातून तासभर येतं, बाकी सगळं बोअर आणि टँकर. सोसायटीने मागे पाणी तपासून घेतलं तेव्हा कठीणपणा लिटरला 540 मिलिग्रॅम निघाला. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात 200 पर्यंत ठीक आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे आम्ही चालवून घेण्यातले. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणत. आमची आई नुसतं 'जड पाणी' म्हणायची आणि त्यात तूरडाळ शिजत नाही म्हणून कपाळाला हात लावायची.

आईचीच आठवण धरून मी पहिला प्रयोग केला तो चिंचेचा. आमच्या घरी तांब्याचा बंब होता. दर शनिवारी आई तो चिंच-मिठाने घासायची आणि मग तो असा झळकायचा की त्यात तोंड पाहून घ्यावं. म्हटलं, बंब उजळतो तर शॉवर का नाही? मूठभर चिंच भिजत घातली, कोळ काढला, शॉवरचं तोंड फिरवून काढलं आणि रात्रभर कोळात बुडवून ठेवलं. सकाळी लावून पाहिलं तर आदल्या दिवशी चालू असलेली भोकंसुद्धा बंद! चिंचेचे धागे आत जाऊन बसले होते. कप्पाळ माझं!

नंतर विचार केल्यावर चूक कळली. बंबाचं तांबं काळवंडतं ते बाहेरून, आणि चिंच ते काळेपण काढते. आत बसलेल्या पांढऱ्या थरापुढे तिचं फारसं चालत नाही. चिंचेतल्या आम्लाची चुन्याशी गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा नवाच क्षार तयार होतो. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना फोन करून खात्री करून घेतली. त्या एवढ्या हसल्या, की फोन ठेवावा लागला. मी इतिहासाची, दुसरं काय होणार!

दुसरा उपाय लेकीकडून आला. ती जर्मनीत कोलोनला असते. म्हणाली, "आई, इथे घरोघरी हेच चालतं. पांढरा व्हिनेगर पिशवीत ओत, पिशवी शॉवरला रबराने बांध आणि दोन-तीन तास विसरून जा. लिंबूसत्व असेल तर तेही चालेल. पण रात्रभर ठेवू नकोस, मुलामा जाईल. आणि नंतर स्वच्छ धुतल्याशिवाय तिथे ब्लीचिंग लावू नकोस, विषारी वायू होतो." व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालून 'फसफसवा' असं सांगणारेही पुष्कळ आहेत. आंबट आणि खारट एकमेकांना मारून टाकतात आणि आपल्या हातात नुसती फसफस उरते, त्यामुळे ते मी केलं नाही.

दुधाची रिकामी पिशवी धुतली, वाण्याकडून व्हिनेगरची बाटली आणली, स्टुलावर शेजारच्या सूनबाईंना चढवलं (मला मनाई आहे) आणि पिशवी बांधून घेतली. थोड्याच वेळात पिशवीत बारीक बारीक बुडबुडे दिसू लागले. मी खुर्ची टाकून ते बघत बसले. सत्तरी उलटल्यावर माणसाला असले उद्योग परवडतात.

बुडबुडे बघताना मला क्लिओपात्राची गोष्ट आठवली. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलं आहे, की एका जेवणावर अफाट पैसा उधळून दाखवीन अशी पैज तिने अँटनीशी लावली, कानातला भलामोठा मोती काढून व्हिनेगरमध्ये टाकला आणि ते पिऊन टाकलं. गोष्ट खरी की रचलेली हा भाग वेगळा, पण मोती, खडू, शहाबादी फरशी आणि माझ्या शॉवरमधली खपली हे सगळे एकाच कुळातले. आंबट लागलं की त्यातून वायू सुटतो आणि ते विरघळतात. हा वायू पाण्याच्या पोटात काय करतो ते लंडनच्या हेन्री कॅव्हेंडिशने 1767 साली शोधून काढलं. तिथल्या रॅथबोन प्लेस नावाच्या रस्त्यावरच्या पंपाचं पाणी उकळलं की तळाशी पांढरा गाळ बसे. त्याने दाखवून दिलं, की त्या वायूच्या आधारानेच चुना पाण्यात दडून राहिलेला असतो. पाणी तापवलं की वायू उडून जातो आणि चुना उघडा पडतो. गीझरच्या पाण्याचा शॉवर गार पाण्याच्या नळापेक्षा लवकर का तुंबतो, याचं उत्तर अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे.

आता कोलोनचा विषय निघालाच आहे तर ते सांगते. लेकीकडे गेले होते तेव्हा तिने मला आयफेलच्या डोंगरात नेऊन रोमन लोकांचा जुना पाणीमार्ग दाखवला. इ.स. 80 च्या सुमाराचा. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी साधारण 95 किलोमीटर लांब आणलेलं, तेही पंप न वापरता, निव्वळ उतारावर. ते पाणीही आमच्या बोअरसारखंच जड. तिसऱ्या शतकात तो मार्ग बंद पडला, तोवर भिंतींना आतून कुठे कुठे वीतभर जाडीचा चुन्याचा थर बसला होता. गंमत पुढेच आहे. हजारेक वर्षांनी त्या भागात चर्च बांधणाऱ्यांना चांगला संगमरवर मिळेना, तेव्हा त्यांनी हा थर कापून काढला, घासून चकचकीत केला आणि त्याचे खांब आणि थडग्यांच्या शिळा केल्या. तपकिरी-पिवळ्या रेघांचा तो दगड फार देखणा दिसतो. ज्यावर मी चिंच फुकट घालवली तोच हा पदार्थ. त्याला देवळात जागा मिळालेली पाहून मला हसूच आलं होतं.

मला मात्र त्या देखण्या दगडापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त लागून राहिली. इ.स. 97 मध्ये फ्राँटिनस नावाचा गृहस्थ रोम शहराच्या पाण्याचा मुख्य अधिकारी झाला. त्याने आपल्या कामाची टिपणवही लिहून ठेवली आणि ती आजही मिळते. गाळ साचतो, कधी कधी त्याची कडक खपली बनते आणि पाण्याची वाट अरुंद होते, असं त्याने स्वच्छ नोंदवलं आहे. पाणीखात्यात 700 गुलाम होते, 240 सरकारी आणि 460 बादशहाचे, हाही हिशेब आहे. फ्राँटिनसचं नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या 700 जणांतल्या कुणाचं?

कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल. तिथल्या व्हॅलेन्सच्या पाणीमार्गाचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. सगळे फाटे धरून हा मार्ग 426 किलोमीटरांचा आणि तो 700 वर्षांहून अधिक काळ चालला. चुन्याचे थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे वर्षावर्षाने मोजता येतात. संशोधकांनी ते मोजले तर थर निघाला फक्त 27 वर्षांचा! याचा अर्थ असा, की शतकानुशतकं कुणीतरी आत उतरून, वाकून, तो सगळा मार्ग खरवडत होतं. शेवटच्या 27 वर्षांत कुणी उतरलं नाही, तेवढंच शिल्लक राहिलं.

इतकी वर्षं मी इतिहास शिकवला. 'बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा कोणी बांधला?' हा प्रश्न मी तोंडी परीक्षेत कितीदा घातला असेल. उत्तर एका ओळीचं: अब्दुर्रहीम खानखानान, सन 1615. आमच्या खानदेशातल्या गावाहून बऱ्हाणपूर जवळ, म्हणून शाळेची सहल दर दोन वर्षांनी तिथेच. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहराकडे आणलेलं, आणि वर शंभरेक विहिरींसारख्या कुंड्या. आतल्या भिंती पांढऱ्या फटक पडलेल्या. एका वर्षी एका मुलीने विचारलं होतं, "बाई, हे साफ कोण करायचं?" मी म्हणाले, "असतील कुणीतरी कामगार. पुढे चला." आणि पुढे चालू लागले. मी, जिचा बाप तेच काम करत होता!

आता अण्णांचं सांगायलाच हवं.

आमचं गाव रेल्वेचं. वाफेच्या इंजिनांचा जमाना. स्टेशनात इंजिनाला पाणी पाजायचा जो वाकडा नळ असे त्याला आम्ही मुलं हत्तीची सोंड म्हणत असू. अण्णा शेडमध्ये बॉयलरमेकर होते. इंजिन म्हणजे धूर, शिट्टी आणि वेग असं लोकांना वाटतं. अण्णांच्या मते इंजिन म्हणजे चुलीवरचं पातेलं, बाकी सगळा बडेजाव. दिवसाला हजारो लिटर पाण्याची वाफ व्हायची, आणि वाफ निघून गेली की पाण्यातला सगळा क्षार मागे राहायचा. गाळ तळाशी आणि खपली ट्यूबांवर. खपली चढली की आग पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा जास्त लागतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खपलीखालचा पत्रा तापून लाल होतो आणि फुगतो. बॉयलर फुटला तर ड्रायव्हर-फायरमनचं काही उरत नसे. म्हणून ठरावीक दिवसांनी 'वॉशआउट' व्हायचा. इंजिन गार करायचं, बॉयलरचे बूच काढायचे, जोराच्या पाण्याने आणि लांब सळ्यांनी आतलं सगळं खरवडून बाहेर काढायचं. मोठ्या दुरुस्तीला ट्यूबाच बाहेर निघत. त्या दिवशी अण्णा घरी येत ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे.

घरगुती उपाय तिथेही होतेच बरं का. एकोणिसाव्या शतकात विलायतेत बॉयलरमध्ये चक्क बटाटे टाकत. बटाट्याचा चिकट लगदा झाला की क्षार पत्र्याला घट्ट धरत नाही, गाळ होऊन खाली बसतो. ओकची साल टाकत, काकवीही टाकत. अण्णांचा अँग्लो-इंडियन फोरमन हे रंगवून सांगायचा आणि अण्णा घरी येऊन आईला सांगायचे, "आज इंजिनाला बटाट्याची भाजी." पुढे फ्रान्समध्ये लुई आर्मां नावाच्या इंजिनिअरने पाण्यात नेमकी काय रसायनं घालावीत याची पद्धत बसवली आणि तिथल्या बॉयलरांवर खपली चढेनाशी झाली. तोच माणूस 1958 साली युरोपच्या अणुऊर्जा मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला. असो. आमच्याकडे मात्र हातोडा होता.

हा हातोडा कशासाठी, ते कळल्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत. भट्टीचा आतला पत्रा आणि बॉयलरचा बाहेरचा पत्रा यांना धरून ठेवणारे शेकडो लोखंडी बोल्ट असतात, त्यांना 'स्टे' म्हणत. त्यातला एखादा आतल्या आत तुटला तर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून भट्टीत शिरायचं आणि एकेका स्टेवर हातोडीने टिचकी मारायची. धड असेल तर खणखणीत वाजतो, तुटका असेल तर बद्द. म्हणजे काम सगळं कानाचं. आणि ते करायचं कुठे, तर जिथे शेजारच्या बॉयलरवर घण चालले आहेत, पत्र्याच्या त्या पिंपात आवाज दसपट होऊन घुमतो आहे, अशा जागी, वीस-पंचवीस वर्षं.

अण्णांना कमी ऐकू येतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्हाला वाटे ते रागीट आहेत. हाक मारली तर ओ देत नसत आणि बोलले की ओरडत. संध्याकाळी रेडिओवर नाट्यसंगीत लागलं की ते रेडिओच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून डोळे मिटून बसत. आम्हाला ती त्यांची लकब वाटे. शेडमध्येही शेवटी शेवटी ते एका हाताने टिचकी मारून दुसऱ्या हाताची बोटं स्टेवर टेकवून ठेवत, "हाताला कळतं" म्हणत. हे मला त्यांच्या एका खलाशाने खूप नंतर सांगितलं.

1964 साली, मी नववीत, लोकमान्यांच्या पुण्यतिथीला वक्तृत्व स्पर्धा होती. अण्णा रजा टाकून, इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत येऊन बसले. भाषणात एका जागी मी श्वास घ्यायला थांबले आणि अण्णांनी जोरात टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. त्यांना वाटलं संपलं. मुली फिदीफिदी हसल्या. मी कशीबशी पुढे बोलले, आणि खरोखर संपलं तेव्हा अण्णा टाळ्या न वाजवता नुसते बघत राहिले. घरी येऊन मी त्यांच्या तोंडासमोर उभं राहून, नीट कळेल असं सांगितलं, "पुढच्या वर्षी तुम्ही येऊ नका." ते "बरं" म्हणाले. पुढच्या वर्षी त्या दिवशी त्यांनी दुपारची पाळी मागून घेतली. मला पहिलं बक्षीस मिळालं. ते 1983 मध्ये गेले, आणि मधल्या अठरा-एकोणीस वर्षांत आमच्यात तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. मीही काढला नाही.

निवृत्तीनंतर वाचताना मला ग्लासगोच्या थॉमस बार या कानाच्या डॉक्टरांचं नाव सापडलं. त्यांनी 1886 साली 100 बॉयलरमेकर तपासले होते. शंभरातल्या एकाचेही कान पूर्ण धड निघाले नाहीत, आणि बहुतेकांना सभेतलं बोलणं नीट कळत नव्हतं. सभेतलं! माझ्या त्या स्पर्धेच्या 78 वर्षं आधी हे छापून आलेलं होतं. दुखणं इतकं ठरलेलं, की इंग्रजीत त्याला 'बॉयलरमेकरचा बहिरेपणा' असं नावच पडलं होतं. अण्णांना ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी दुसऱ्या दिवशी ते कामावर गेलेच असते. आम्ही पाच भावंडं होतो.

अडीच तासांनी सूनबाई आल्या, पुन्हा स्टुलावर चढल्या आणि पिशवी सोडली. शॉवरचं तोंड काढून मी परातीत उपडं केलं तर पांढऱ्या खपल्या आणि वाळूसारखा चुरा पडला. चिंचेचे धागेही निघाले, त्यांच्याकडे मी दुर्लक्ष केलं. मग गोधडीची सुई घेऊन एकेक भोक मोकळं केलं. एक मोठीशी खपली चिमटीत धरून भिंगाखाली पाहिली. पातळ पातळ रेघा होत्या. गीझर बसवून सहा वर्षं झाली. सहा रेघा मोजायचा प्रयत्न केला, पण डोळे तेवढे राहिले नाहीत.

शॉवर परत बसवला. आता पाणी एकसारखं पडतं. एक धार मात्र अजून टॉवेलाकडेच जाते. मुलामा एका कडेला किंचित मळकट झाला आहे, म्हणजे दोन तासच पुरे होते. पुढच्या वेळी लिंबूसत्व वापरणार आहे, वासही कमी आणि स्वस्तही. महिन्यातून एकदा केलं तर थर घट्ट होणारच नाही असं लेक म्हणते.

बसवायच्या आधी मी एक केलं. ओट्यावरचा चमचा घेतला आणि शॉवरच्या तोंडाला चारी बाजूंनी हलकेच टिचक्या मारल्या, बोटं टेकवून. तीन बाजूंना खणखणीत वाजलं. एका बाजूला बद्द. तिथे पुन्हा सुई घातली.